गूगलवाचून किती अडतं? मोजताना या चुका टाळा

इंटरनेटवर शोधण्याच्या सवयीवर माणसं मनाने किती विसंबून आहेत, हा विषय प्रबंधासाठी निवडणारे विद्यार्थी वाढलेत. विषय सोपा वाटतो हीच त्यातली मेख. आठवड्याभरात वीस विधानं तयार होतात, फॉर्मची लिंक फिरते, दोन दिवसांत दोनशे उत्तरं जमतात. मग आकडे उघडले की कळतं, काहीतरी बिनसलंय. सगळेच ‘अतिअवलंबून’ निघालेत, नाहीतर गुणांचा कशाशीच संबंध लागत नाही.

अशी फाइल घेऊन कुणी आलं की मी आधी प्रश्नावली मागते आणि विधानांचे दोन ढीग करायला सांगते. एका ढिगात ‘किती वापरता’, दुसऱ्यात ‘नसेल तर काय होतं’. बहुतेक वेळा दुसऱ्या ढिगात दोन-तीनच विधानं पडतात. दुखणं तिथेच असतं.

वापर मोजायचा आणि त्याला अवलंबित्व म्हणायचं

मराठीत यासाठी नेमकं क्रियापद आहे: अडणं. एखाद्या गोष्टीचा खूप वापर असणं वेगळं आणि तिच्यावाचून अडणं वेगळं. भाषांतर करणारी व्यक्ती दिवसभरात शंभर शब्द शोधेल, ते तिचं कामच आहे. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की विषय संपला. दुसरा कुणी दिवसाला चारच गोष्टी शोधतो, पण चारही त्याला आधीच ठाऊक असतात. कुलूप लावलंय हे माहीत असूनही परत जाऊन ओढून बघावं, तसं हे. ‘मी दिवसातून अनेकदा सर्च करतो’ या विधानावर पहिल्याला पाच गुण मिळतील, दुसऱ्याला दोन. मापनी उलटीच झाली.

त्यापेक्षा अशी विधानं लिहून पाहा: ‘उत्तर माहीत असलं तरी सर्च करून बघितल्याशिवाय मला खात्री वाटत नाही.’ ‘एखादं नाव आठवत नसेल आणि नेटही नसेल, तर माझं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही.’ ‘प्रश्न पडला की आधी मी स्वतः थोडा विचार करून बघतो.’ तिसरं विधान उलट गुणांकनाचं आहे, म्हणजे त्यावर जितकं सहमत तितकं अवलंबित्व कमी, म्हणून त्याचे गुण फिरवून मोजायचे. त्याकडे पुढे येऊच. वापराचा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण तो वेगळा ठेवा, बेरजेत धरू नका.

व्यसनाच्या प्रश्नावलीत एक शब्द बदलायचा

ही चूक सर्रास दिसते. किम्बर्ली यंग यांची 1998 सालची वीस प्रश्नांची इंटरनेट व्यसन चाचणी घ्यायची आणि ‘इंटरनेट’च्या जागी ‘सर्च’ लिहायचं. यंग यांनी सुरुवातीला जे आठ प्रश्न तयार केले होते, ते जुगाराच्या व्यसनाच्या निकषांवर बेतलेले होते. म्हणजे जुगाराचा साचा इंटरनेटला लावला आणि आता तोच सर्चला. पण माणूस शोधतो कशाला? बहुतेकदा उत्तर मिळवून मोकळं व्हायला. आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंगच्या विकाराला जागा मिळाली आहे, सर्च करण्याचा विकार मात्र त्यात नाही. तेव्हा ‘इतक्या टक्के विद्यार्थ्यांना सर्चचं व्यसन’ हे वाक्य लिहिण्याआधी हात आखडता घ्या.

साचा उसना घेतला की काय होतं, याचं एक गमतीदार उदाहरण आहे. लियम सॅचेल आणि सहकाऱ्यांनी समाजमाध्यमांच्या व्यसनाच्या मापनीसारखीच एक प्रश्नावली प्रत्यक्षातल्या मित्रांबद्दल तयार केली. रूढ पद्धतीने गुण लावल्यावर 807 पैकी 69 टक्के लोक मित्रांना भेटण्याचे ‘व्यसनी’ ठरले! अभ्यास रीतसर छापून आलेला आहे. तुमच्या मापनीत ‘सर्च’च्या जागी ‘पुस्तक’ किंवा ‘चष्मा’ घालून बघा. वाक्य तितकंच खरं वाटलं तर ते विधान काढून टाका.

सगळे शोध एकाच पोत्यात

आठवण्याचा कंटाळा म्हणून शोधणं, धीर मिळावा म्हणून शोधणं आणि रिकामपणी शोधत राहणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोग्याच्या शोधाशोधीबद्दल 2014 मध्ये आलेल्या सायबरकॉन्ड्रिया (नेटवर आजारांबद्दल शोधून शोधून काळजी वाढवणं) मापनीत 33 विधानं आहेत आणि त्यांचे पाच घटक वेगळे केलेत: ओढ, मनस्ताप, अतिरेक, दिलासा शोधणं आणि डॉक्टरवरचा अविश्वास. एका प्रकारच्या शोधासाठी एवढं लागलं, तर सगळ्या प्रकारांना मिळून एकच बेरीज कशी पुरेल?

सांगितलेल्यावर भिस्त

लोक खोटं बोलतात असं नाही, त्यांना आठवत नाही. 2021 मध्ये डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. लोकांनी सांगितलेला डिजिटल वापर आणि यंत्रात नोंदलेला वापर यांचा सहसंबंध सुमारे 0.38 इतकाच निघाला (दोन्ही तंतोतंत जुळले असते तर तो 1 आला असता). परवानगी घेऊन सर्च हिस्टरीतला आकडा मिळवता आला तर उत्तम. नाहीतर छोटं प्रात्यक्षिक ठेवा. बेंजामिन स्टॉर्म यांच्या 2017 च्या अभ्यासातली युक्ती वापरण्यासारखी आहे. एका गटाने अवघड प्रश्न इंटरनेटवरून सोडवले, दुसऱ्याने नुसत्या आठवणीतून. मग सगळ्यांना सोपे प्रश्न दिले आणि हवं तर इंटरनेट वापरायची मुभा ठेवली. आधी इंटरनेट वापरलेल्यांपैकी 30 टक्के लोकांनी एकाही सोप्या प्रश्नाला स्वतःच्या आठवणीतून हात घालून पाहिला नाही. ‘अडणं’ असं डोळ्यांसमोर दिसतं, ते ‘पूर्णपणे सहमत’मध्ये दिसेलच असं नाही.

प्रयोगांनाही डोळे झाकून मान देऊ नका. बेट्सी स्पॅरो यांचा 2011 सालचा ‘गूगल परिणामा’चा, म्हणजे नेटवर सापडेल अशी माहिती आपण लक्षात ठेवत नाही या कल्पनेचा अभ्यास जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतो. त्यातल्या एका प्रयोगात अवघड प्रश्नांनंतर संगणकाशी संबंधित शब्द मनात लवकर येतात, असं दिसलं होतं. 2018 मध्ये 21 गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघितले, तेव्हा तो निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. त्या अभ्यासातले बाकीचे प्रयोग त्या फेरतपासणीत नव्हते, म्हणून सगळंच खोटं ठरलं असंही लिहू नका.

आकडे बिघडलेत, आता?

क्रोनबाख अल्फा, म्हणजे सगळी विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, फारच खाली आला किंवा ऋण आला, तर आधी उलट विधानांचं गुणांकन फिरवलंय का ते बघा. दहातल्या निम्म्या फायली इथेच सुटतात, असा माझा अंदाज. फिरवूनही एखादं विधान विरुद्ध दिशेने जात असेल, तर त्यात दोन नकार आहेत का ते तपासा. ‘नेट नसलं तरी मला अस्वस्थ वाटत नाही असं नाही’ यावर सहमत व्हायचं की असहमत, हे मलाही सांगता येणार नाही.

अल्फा 0.95 च्या वर गेला म्हणून पेढे वाटू नका. बहुधा एकच वाक्य आठ प्रकारे लिहिलं गेलंय.

सगळ्यांचे गुण वरच्या टोकाला साचले असतील, तर विधानं फार सौम्य आहेत. ‘माहिती हवी असल्यास मी सर्च करतो’ याला नाही कोण म्हणेल? उलट सगळे तळाशी असतील, तर भाषा तपासा. इंग्रजीतून आणलेलं ‘मला हरवल्यासारखे वाटते’ हे विधान एका प्रश्नावलीत होतं आणि कुणीच त्यावर खूण केली नव्हती. ‘चैन पडत नाही’ केल्यावर उत्तरं पसरली. उलट भाषांतर (मराठी विधान परत इंग्रजीत नेऊन मूळाशी ताडणं) करून घेतलं होतं आणि त्यात हे विधान पास झालं होतं! म्हणून पाच-सहा जणांना समोर बसवून विधान मोठ्याने वाचायला लावा आणि ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ विचारा.

घटक विश्लेषणात (कोणती विधानं एका गटात पडतात ते शोधण्याच्या पद्धतीत) जे घटक निघाले, तेच त्याच दोनशे जणांवर ‘सिद्ध’ करायची घाई असते. त्यासाठी दुसरा नमुना लागतो. नमुना ऑनलाइनच गोळा केला असेल, तर जे सतत ऑनलाइन असतात तेच त्यात जास्त आलेत, हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा.

आणि सगळं गोळा झाल्यावर कळलं की विधानं फक्त ‘किती वापरता’ एवढंच विचारत होती, तर? नवीन डेटा घ्यायला वेळ नसेल तर शीर्षकातला ‘अवलंबित्व’ हा शब्द काढा आणि ‘वापर’ लिहा. मार्गदर्शक कुरकुरतील, पण तोंडी परीक्षेत तुम्हाला उत्तर देता येईल.