शुभवर्तमानावर बोलायला उभं राहण्याआधी या चुका टाळा

आमच्या मंडळीत छपराच्या दुरुस्तीसाठी निधी जमवणं चालू होतं आणि नेमका त्या रविवारचा उपदेश माझ्याकडे आला. फार विचार न करता मी मार्कचा १२वा अध्याय उघडला (मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही येशूच्या जीवनाची चार शुभवर्तमानं). मंदिराच्या भांडारात दोन बारीक नाणी टाकणारी गरीब विधवा. निधीसाठी याहून सोयीचं वाचन कुठलं? पंचवीस मिनिटं बोलले. श्रीमंतांनी उरलेलं दिलं, तिने होतं नव्हतं ते दिलं, आता आपण काय देणार?

उपासनेनंतर एक मावशी थांबल्या. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पदराची गाठ सोडून त्यांनी पाचशेच्या दोन नोटा माझ्या हातात ठेवल्या. “सिलिंडरचे ठेवले होते, ताई. पण तुम्ही म्हणालात ना, होतं ते सगळं.”

नोटा मी परत दिल्या. मी असं का करतेय ते त्यांना कळेना, त्या दुखावल्याच. घरी आल्यावर तोच शास्त्रपाठ पुन्हा काढला आणि या वेळी मागेपुढे वाचत गेले. ४०व्या वचनात येशू शास्त्र्यांबद्दल, म्हणजे नियमशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल, म्हणतो की ते विधवांची घरं गिळतात. लगेच पुढे ही विधवा येते आणि तिची सगळी उपजीविका त्याच मंदिराच्या भांडारात जाते. तिथून बाहेर पडताना, १३व्या अध्यायाच्या सुरुवातीला, एक शिष्य मंदिराचे प्रचंड दगड पाहून हरखतो आणि येशू सांगतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. ‘तुम्हीही असंच करा’ हे वाक्य या सगळ्यात कुठेही नाही. येशू शिष्यांना बोलावून तिच्याकडे पाहायला लावतो. त्यात कौतुक आहे, पण दुःख आणि रागही असू शकतो. मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, कारण मला छप्पर बांधायचं होतं.

उपदेश करणाऱ्याची पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. आपण वचनाला आपल्या कामाला जुंपतो. पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

वाचन जिथे कापलंय तिथेच थांबणं

अध्याय मार्कने पाडलेले नाहीत. आजची विभागणी १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटन यांनी केली असं मानतात, आणि नव्या कराराच्या वचनांचे आजचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. कॅथलिक वाचनमालेत, म्हणजे कोणत्या रविवारी काय वाचायचं याच्या ठरलेल्या यादीत, विधवेचं हे वाचन तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘ब’ वर्षाच्या ३२व्या सामान्य रविवारी येतं. तिथे ३८व्या वचनापासून वाचायची सोय आहे, तशीच फक्त ४१ ते ४४ वाचायचीही मुभा आहे. आखूड वाचन घेतलं की शास्त्री गळतात आणि बाई एकटी उरते.

उपाय साधा आहे. सोमवारीच आपल्या वाचनाच्या मागची वीस आणि पुढची वीस वचनं वाचून काढा. लूकच्या १५व्या अध्यायाचं घ्या. वाटा उधळून परतणाऱ्या धाकट्या मुलाच्या दाखल्याला, म्हणजे बोधकथेला, आपण ‘उधळ्या पुत्र’ म्हणतो आणि धाकटा घरी आला की उपदेश संपवतो. पण अध्यायाची सुरुवात परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी गट) आणि शास्त्र्यांच्या कुरकुरीने होते, हा माणूस पाप्यांबरोबर जेवतो म्हणून. दाखला त्यांना सांगितलाय. त्यामुळेच शेवटी थोरला दाराबाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतोय, आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. वर्षानुवर्षं न चुकता देवळात येणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी तो थोरलाच महत्त्वाचा आहे.

चारही शुभवर्तमानं एकत्र कालवणं

पाच हजारांना जेवू घालण्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण जवाच्या भाकरी आणि तो मुलगा फक्त योहानात. तुमचं वाचन मार्कचं असेल तर त्या मुलाच्या उदारपणावर बोलू नका. मार्कमध्ये येशू शिष्यांना म्हणतो, तुम्हीच त्यांना खायला द्या. त्या वाक्याचं ओझं शिष्यांच्या खांद्यावर आहे, ते मुलाच्या खांद्यावर ढकलून आपण मोकळे होतो. नाताळातही हेच. मेंढपाळ लूकमध्ये, मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयमध्ये. मागी तीन होते असं मत्तय म्हणत नाही आणि ते गव्हाणीपाशी नाही, घरात येतात. शब्बाथ शाळेच्या मुलांच्या नाटकात सगळे एकत्र येऊ देत, ते छानच दिसतं. उपदेशात मात्र ज्याचं वाचन त्याचंच बोलणं ऐकू द्या.

मरिया मग्दालियेच्या बाबतीत ही कालवाकालव फार महागात पडली. लूकच्या ७व्या अध्यायातली पापी स्त्री निनावी आहे. मग्दालियेचं नाव ८व्या अध्यायात येतं, तेही येशूबरोबर फिरणाऱ्या आणि आपल्या पैशाने त्याची सेवा करणाऱ्या स्त्रियांमध्ये. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१ साली एका प्रवचनात या दोघी एकच ठरवल्या आणि पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार शेकडो वर्षं वेश्या म्हणून रंगवली गेली. आजही मी हे व्यासपीठावरून ऐकते तेव्हा समोर बसलेल्या बायकांकडे पाहते. त्या काहीच बोलत नाहीत.

ऐकीव माहिती खपवणं

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो. यरुशलेमेत ‘सुईचं नाक’ नावाचा बुटका दरवाजा होता आणि ओझं उतरवून उंट त्यातून गुडघ्यांवर सरकत जायचा, हा मजकूर दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतो. येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा कसलाही पुरावा नाही. मुळात त्या वाक्याचा जोर अशक्य असण्यातच आहे. म्हणून तर शिष्य घाबरून विचारतात, मग तारण कोणाचं होणार?

तसंच ग्रीक शब्दांचं. ‘अगापे’ म्हणजे देवाचं प्रेम आणि ‘फिलिया’ म्हणजे नुसती मैत्री, एवढ्या भांडवलावर अर्धा तास बोलणारे मी ऐकलेत. पण पित्याचं पुत्रावर प्रेम आहे हे सांगताना योहान ३व्या अध्यायात ‘अगापे’चं क्रियापद वापरतो आणि ५व्यात ‘फिलिया’चं. शब्दकोश जरूर पाहा, पण त्याच लेखकाने तो शब्द आणखी कुठे वापरलाय तेही पाहा. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी भाषांतर आहे. ते आणि बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र शेजारी ठेवून वाचलं तरी कुठे थबकायचं ते कळतं.

यहुद्यांना खलनायक करणं

हे अनेकदा नकळत होतं. ‘यहुदी कर्मठ होते, येशूने प्रेम शिकवलं.’ येशू यहुदी, मरिया यहुदी, बाराही प्रेषित यहुदी. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती कर या दोन्ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रातल्या आहेत. पुण्यात कॅम्पातून जाताना १८६७ साली बांधलेलं लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचं सभास्थान, दिसतं. आपला उपदेश तिथे प्रार्थना करणाऱ्या माणसासमोर उच्चारता येईल का, एवढं स्वतःला विचारा.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात लुटारूंनी अर्धमेलं करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक, म्हणजे मंदिराचा पुरोहित, आणि मग लेवी बाजूने निघून जातात, आणि यहुद्यांना परका असलेला शोमरोनी मदत करतो. तिथेही आपण याजकाची बाजू सावरतो की प्रेताला शिवल्यावर त्याला मंदिरात सेवा करता आली नसती. पण तो यरुशलेमेहून खाली यरीहोकडे चाललाय, म्हणजे मंदिर त्याच्या पाठीमागे आहे. अंतर साधारण २७ किलोमीटर, सासवडहून दिवे घाट उतरून पुण्यात यावं तेवढं. उतार मात्र आपल्या घाटाच्या कितीतरी पट, जवळजवळ हजार मीटरचा. हे चित्र डोळ्यांसमोर आलं की याजकाला सबब उरत नाही, आणि तिसरा माणूस कोण येणार म्हणून ऐकणारा पुढे सरकून बसतो.

उदाहरणासाठी कोणाचं तरी घर उघडं करणं

‘आपल्यातल्याच एका बहिणीचा मुलगा’ असं म्हटलं तरी मंडळीला कोण ते कळतं. प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितलेली गोष्ट उपदेशात येऊ देऊ नका. परवानगी दिली असेल तरी दोनदा विचार करा, कारण पाळकांना किंवा उपदेशकाला ‘नको’ म्हणणं लोकांना जड जातं.

शनिवारी रात्र झाली आणि काहीच सुचत नसेल तर

यूट्यूब उघडू नका. दुसऱ्याचा उपदेश डोक्यात बसला की वाचन ऐकू येत नाही. उताऱ्यातलं एक माणूस निवडा आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. थोडंच सुचलं तर थोडंच बोला. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांच्या आत संपवायला सांगितलं होतं. आमच्या उपासनेत एवढं आखूड कोणी बोलत नाही, पण आठ मिनिटांत सांगता येत नसेल तर आपल्यालाच ते अजून उमगलेलं नसतं.

आणि शक्य असेल तर आठवड्यात एकदा ते वाचन कोणाला तरी वाचून दाखवा, उपदेश बाजूला ठेवून. पेरणाऱ्याचा दाखला मी शिरूरकडच्या एका काकांना वाचून दाखवला. आयुष्यभर पाभरीने पेरलेला माणूस. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, वाटेवर आणि खडकावर बी टाकणारा हा कसला शेतकरी? तोवर मी नेहमीप्रमाणे ‘तुमचं मन कोणती जमीन?’ एवढंच विचारत आले होते. मुठीने बी फोकत जाणाऱ्या, हात आखडता न घेणाऱ्या त्या पेरणाऱ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

विधवेचं वाचन पुन्हा आलं तेव्हा मी आधीच्या बुधवारी त्या मावशींकडे गेले. त्यांनी चहा ठेवला, मी ३८व्या वचनापासून मंदिराच्या दगडांपर्यंत सावकाश वाचलं. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आणि त्या बाईनं रात्री काय खाल्लं?”

रविवारी मी उभी राहिले आणि सुरुवात त्या प्रश्नाने केली.