सरकणारा ठिपका: लघुग्रह कसा शोधायचा

आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो घ्या, दोन फोटोंमध्ये वीसेक मिनिटं जाऊ द्या. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूचं आकाश निवडा. तिथे मंगळ आणि गुरूच्या मधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण 30 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतो. मग फोटो एकामागोमाग एक पुन्हा पुन्हा दाखवत राहा. तारे जागचे हलत नाहीत. एखादा फिकट ठिपका मात्र सरळ रेषेत, सारख्या अंतराने पुढे जातो.

‘अॅस्ट्रोमेट्रिका’ हे सॉफ्टवेअर हलणारे ठिपके आपोआप शोधतं, तरी मी शेवटी डोळ्यांनीच बघते. कॅमेऱ्यातला सदोष पिक्सेल हुबेहूब लघुग्रहासारखा दिसतो. माझी एक अख्खी रात्र त्यात गेली. तेव्हापासून प्रत्येक फोटोआधी दुर्बीण किंचित हलवते.

ठिपका ज्ञात लघुग्रहांत नाही ना, हे तपासा आणि दुसऱ्या रात्री तो पुन्हा गाठाच. एका रात्रीच्या, ठिपक्याच्या जागेच्या मोजमापांवर तात्पुरतं नामांकन मिळत नाही. ढग आले तर जीव टांगणीला लागतो. मोजमापं मायनर प्लॅनेट सेंटरला, म्हणजे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या जागतिक केंद्राला पाठवा. त्यासाठी वेधशाळेचा संकेतांक आधीच घेऊन ठेवा. कायमचा क्रमांक मिळायला मात्र बहुधा काही वर्षं जातात, त्यानंतरच नाव सुचवता येतं.