आजीच्या नथीतला मोती आणि फिक्सेटिव्ह

चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला मी आजीचं पोर्ट्रेट केलं होतं. करडा टिंटेड कागद, सॉफ्ट पेस्टल म्हणजे भुसभुशीत रंगीत खडू, पंधरा दिवसांच्या संध्याकाळी. शेवटी नथीच्या मोत्यावर पांढऱ्याचा एक ठिपका टेकवला आणि चेहऱ्यात जीव आला. श्रावण होता, नाशिकची झिमझिम थांबत नव्हती. दुसऱ्या दिवशी सबमिशन. घाईघाईत गच्चीच्या दारात उभी राहून फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंगाची भुकटी धरून ठेवणाऱ्या स्प्रेचा, जवळजवळ अर्धा कॅन मारला. कागद चिंब झाला. वाळल्यावर पाहते तर मोत्यावरचा ठिपका गायब, गालावरचा उजेड विझलेला आणि पदराच्या गडद जांभळ्यावर पांढुरकी साय.

तेव्हा खूप रडले. आता पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेते आणि नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हे सांगते, कारण वर्गात फिक्सेटिव्हचा विषय 'शेवटी स्प्रे मारा' एवढ्यावरच संपतो.

फिक्सेटिव्ह म्हणजे स्पिरिटसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेली राळ. द्रव उडतो, राळ मागे राहते आणि कागदाच्या खरखरीत अडकलेली भुकटी धरून ठेवते. गोदाघाटावरचा काळा दगड कोरडा असताना राखाडी दिसतो आणि पाणी पडलं की काळाभोर होतो. पेस्टलचंही तसंच. कणांमधली हवा जाऊन तिथे राळ बसली की रंग गडद होतो आणि सगळ्यात आधी मरतात ते पांढरे आणि फिके रंग. पदरावरची साय मात्र पावसाची. द्रव झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी तिथे धरतं आणि राळ धुरकट होते. जुलै-ऑगस्टमध्ये मी कोरडं ऊन पडेपर्यंत कॅनला हात लावत नाही, ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली तरी चालेल.

म्हणून पेस्टलमध्ये मी फिक्सेटिव्ह मधल्या थरांना मारते. खालचे गडद रंग लावले, फिक्सेटिव्हचा हलका हात मारला, वाळू दिलं, मग त्यावर काम. यासाठी 'वर्केबल' लिहिलेला कॅन घ्या, त्यावर पुन्हा रंग धरतो. एदगार दगा हा फ्रेंच चित्रकार असेच थर चढवत असे, मधे फिक्सेटिव्ह मारून. शेवटचे उजेड मात्र स्प्रेनंतर लावायचे आणि तसेच सोडायचे. आजीचा मोतीही मी तसाच परत आणला. त्या ठिपक्यावर आजवर काही मारलेलं नाही.

चारकोलची गोष्ट वेगळी. काडीचा कोळसा फुंकरीनेही उडतो, त्याला फिक्सेटिव्ह हवंच. आधी कागद उभा धरून कडेवर दोन टिचक्या मारा, सुटी भुकटी खाली पडू द्या. खोडायचं ते आधी खोडून घ्या, नंतर पुटी रबर (मळून वापरायचा मऊ खोडरबर) नीट चालत नाही. बोर्ड उभा ठेवा, एक फूट लांबून मारा. स्प्रे कागदाच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडा, नाहीतर पहिला थेंब नेमका नाकावर बसतो. आधी आडवा हात, दहा मिनिटांनी उभा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे. आणि त्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर तेच रंग घासून चाचणी घ्या. ही चाचणी मी अजूनही चुकवत नाही.

मोकळ्या हवेत मारा, वारा पाठीमागून येऊ द्या. साधा कापडी मास्क ती वाफ अडवत नाही. गॅस, देवघरातलं निरांजन, काहीही पेटतं जवळ नको. होस्टेलच्या बंद खोलीत तर अजिबात नको, शेजारच्या कॉटवर कुणीतरी झोपलेलं असतं.

हेअरस्प्रे स्वस्त पडतो म्हणून मुलं तो वापरतात. काही वर्षांत कागद पिवळा पडतो, तेव्हा कुणाच्या घरातलं चित्र असेल तर नका वापरू. ऑइल पेस्टलवर हे साधं फिक्सेटिव्ह कामाचं नाही, कारण ऑइल पेस्टल पूर्ण वाळतच नाही.

फिक्सेटिव्ह मारलं तरी चित्राला बोट लागलं की पुसतंच. वर ग्लासीन (पातळ गुळगुळीत कागद) किंवा बटर पेपर ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट न्या, गुंडाळी करू नका. फ्रेमवाल्याला आधीच सांगा: माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, जाड हवा, काच चित्राला टेकता कामा नये आणि काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट नको, ती पुसली की तिच्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती भुकटी ओढून घेते. माझा फ्रेमवाला आता पेस्टल दिसलं की दुकानातला पंखा स्वतःहून बंद करतो.