दांतेचा नरक कसा वाचावा: तीन सर्ग, एक पेन्सिल

इटालियन कवी दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या काव्याचा पहिला भाग, म्हणजे नरकाचे वर्णन करणारा 'इन्फर्नो', हाती घेतल्यावर बहुतेक वाचक नरकाचा नकाशा काढायला बसतात. मीही तेच केले होते. नऊ वर्तुळे, त्यांतील सातव्याचे तीन आणि आठव्याचे दहा पोटभाग, कोणत्या पापाला कोणती शिक्षा, असा भिंतीवर लावण्याजोगा तक्ता मी तयार केला. त्यात सगळे काही होते. फक्त ती माणसे तिथे का पोचली आणि तशीच पापे केलेली दुसरी माणसे का सुटली, याचा पत्ता नव्हता. ख्रिस्ती साहित्यातील पाप, मोह आणि नरकवास समजून घ्यायचा असेल, तर हाच प्रश्न हाताशी धरून वाचावे. त्यासाठी पहिल्या भागाचे ३४ सर्ग एका दमात संपवण्याची गरज नाही. 'इन्फर्नो'तील पाचवा व सत्ताविसावा आणि त्यानंतरच्या 'पर्गेटोरिओ'तील (शुद्धिस्थान, म्हणजे पश्चात्ताप केलेले आत्मे स्वर्गापूर्वी शुद्ध होतात ती जागा) पाचवा, असे तीन सर्ग पुरेत, आणि त्यांतील एकही दीडशे ओळींहून मोठा नाही. भरपूर टिपा असलेला एखादा सरळ इंग्रजी अनुवाद, वही आणि पेन्सिल एवढी सामग्री घेऊन बसावे.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डोक्यातील शब्द थोडे झटकून घ्यावे लागतात. 'नरक' म्हटले की मराठी वाचकाला गरुडपुराणातील यातना आठवतात किंवा महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराला घडलेले नरकदर्शन आठवते, आणि या दोन्ही ठिकाणी नरक हा मुक्काम असतो. भोग संपला की जीव तिथून पुढे निघतो. दांतेच्या नरकातून कोणी पुढे निघत नाही. तिसर्‍या सर्गाच्या आरंभी नरकाच्या दारावरचा लेख येतो, आणि त्यातील 'सर्व आशा सोडा' ही शेवटची ओळ जो तो सांगत असतो. त्याच लेखात, थोडे वर, हे दार कोणी उभारले तेही सांगितले आहे: ईश्वरी सामर्थ्याने, परम प्रज्ञेने आणि आद्य प्रेमाने. प्रेमाने नरक बांधला, हे वाक्य पचत नाही, आणि ते पचवण्याची घाई करूही नये. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवावे.

'मोह' या शब्दाचेही तसेच आहे. आपल्याकडे मोह म्हणजे भ्रम, अज्ञानाचे पटल. गीतेच्या शेवटी अर्जुनाचा मोह नष्ट होतो तो त्याला कळू लागल्यामुळे. मराठी बायबलातील प्रभूच्या प्रार्थनेत मात्र याच जागी 'परीक्षा' हा शब्द येतो, कारण मूळ ग्रीक शब्दात पारख आणि भुरळ हे दोन्ही अर्थ आहेत. मोह होणे हे ख्रिस्ती विचारात अद्याप पाप नव्हे. अरण्यात चाळीस दिवस उपास केलेल्या येशूलाही सैतानाने मोह घातला होता. मनाने होकार दिला की पाप घडते, आणि पुष्कळदा तो होकार डोळे उघडे ठेवून दिलेला असतो. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात पौगंडवयातील एका चोरीची हकिगत सांगितली आहे. रात्री मित्रांबरोबर त्याने शेजारच्या झाडाचे नासपती पाडले. ते दिसायला धड नव्हते, चवीलाही नव्हते, आणि पोरांनी बहुतेक डुकरांपुढे फेकले. चोरी करण्यातच मजा होती, असे तो लिहितो. तिथे अज्ञानाचा काही संबंध नाही.

आता बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढावा, ज्यात आदाम आणि हव्वा देवाने मना केलेले फळ खातात. तो जेमतेम २४ ओव्यांचा आहे. (बायबलातील वचनांना मराठी ख्रिस्ती मंडळी ओवीच म्हणतात. १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी हीच पतनाची कथा खर्‍याखुर्‍या मराठी ओव्यांत सांगितली आहे, आणि ती हाताशी असेल तर जरूर शेजारी ठेवावी.) फळ खाल्ल्यानंतर देव विचारतो, तेव्हा दोघे काय उत्तर देतात एवढेच येथे पाहावे. आदाम म्हणतो की तू मला दिलेल्या स्त्रीने फळ दिले म्हणून मी खाल्ले. या एका वाक्यात त्याने स्त्रीवर आणि 'तू दिलेल्या' म्हणून खुद्द देवावरही ठपका ठेवला. हव्वा सापाकडे बोट दाखवते. दोघांच्याही वाक्यात 'मी खाल्ले' आहे, पण ते शेवटी, बाकीचे सगळे सांगून झाल्यावर. पेन्सिलीने या दोन वाक्यांतील कर्ते अधोरेखित करावेत, कारण पुढील सगळे वाचन याच सवयीवर उभे आहे. मराठी माणसाला ही युक्ती शिकवावी लागत नाही. 'मी केले' आणि 'माझ्या हातून घडले' यांतील अंतर आपल्याला जन्मापासून ठाऊक असते.

आता 'इन्फर्नो'चा पाचवा सर्ग घ्यावा. काव्यात दांते स्वतःच प्रवासी होऊन नरकातून चालतो आहे. आरंभी नरकाचा न्यायाधीश मिनोस बसलेला आहे. प्रत्येक आत्मा त्याच्यापुढे येऊन सगळे कबूल करतो, आणि मिनोस आपल्या शेपटीचे जितके वेढे घेतो तितक्या खालच्या वर्तुळात तो आत्मा जातो. कवीने येथे पापस्वीकाराचेच क्रियापद वापरले आहे. जो पापस्वीकार जिवंतपणी धर्मगुरूपुढे करून क्षमा मिळवायची, तो मेल्यावर न्यायाधीशापुढे होतो आणि त्यातून फक्त पत्ता मिळतो. पुढे वावटळीत भिरभिरणारे कामी जीव दिसतात, त्यांत फ्रान्चेस्का आणि पाओलो ही जोडी येते. पाओलो तिचा दीर. तिच्या नवर्‍याने, म्हणजे पाओलोच्या सख्ख्या भावाने, दोघांना मारलेले आहे.

फ्रान्चेस्काचे बोलणे दोनदा वाचावे. पहिल्यांदा पूर्णपणे तिच्या बाजूने वाचावे, कारण ते फार सुंदर आहे आणि त्याला वश न होता ते समजत नाही. दुसर्‍यांदा पेन्सिल घेऊन बसावे. तिच्या लागोपाठच्या तीन कडव्यांची सुरुवात 'प्रेम' या एकाच शब्दाने होते आणि तिन्हींत कर्ता प्रेमच आहे: प्रेमाने त्याला पकडले, प्रेमाने मला पकडले, प्रेमाने आम्हांला एका मरणाकडे नेले. कोमल हृदयात प्रेम चटकन पेटते, ही तिची ओळही तिची स्वतःची नाही. तो त्या काळच्या इटालियन प्रेमकवितेतील ठरलेला विचार होता, आणि तरुण दांतेने स्वतः तशीच कविता लिहिली होती. तिची कथा ऐकून तो मूर्च्छित होऊन पडतो, ते केवळ दयेपोटी असे मला वाटत नाही. आपणच रचलेले शब्द एक शापित स्त्री आपल्यालाच ऐकवते आहे, हे त्याला कळलेले असावे.

मोह कसा घडला हे ती पुढे सांगते. दोघे एकान्तात आर्थर राजाचा सरदार लान्सलॉट आणि त्याच राजाची राणी यांची प्रेमकथा वाचत होते, चुंबनाच्या प्रसंगापाशी आले, आणि पाओलोने थरथरत तिचे चुंबन घेतले. 'त्या दिवशी आम्ही पुढे वाचले नाही,' असे ती म्हणते. येथे थांबून दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे जुन्या फ्रेंच कथेत राणीच लान्सलॉटचे चुंबन घेते. फ्रान्चेस्काच्या आठवणीत मात्र पुस्तकातलाही पुढाकार पुरुषाकडे गेला आहे. दुसरी गोष्ट पुढे न वाचण्याची. त्या कथेच्या पुढच्या भागात त्याच प्रेमापायी राज्य लयाला जाते, आणि तो भाग त्यांनी उघडलाच नाही. तरीही तिच्या लेखी दोष पुस्तकाचा आणि ते लिहिणार्‍याचा. आता ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाचे आठवे पुस्तक पुन्हा काढावे. मिलानमधील बागेत, ३८६ साली, तो बायबलातील संत पौलाची पत्रे उघडतो, नजरेस पडलेले एकच वचन वाचतो आणि लिहितो की पुढे वाचावेसे वाटले नाही आणि त्याची गरजही नव्हती. पुस्तक मिटण्याची कृती एकच आहे. एकाचे आयुष्य तिथून पालटते आणि दुसरीचे संपते. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचल्यावर माझा तो तक्ता मी भिंतीवरून काढला.

सत्ताविसाव्या सर्गात ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो भेटतो. तो ज्योतीत कोंडलेला आहे, ती ज्योत जिभेसारखी लवलवते आणि तिच्या टोकातून कसाबसा आवाज फुटतो. जिभेने केलेल्या पापाला जिभेचाच आकार मिळाला आहे. हा मोठा सेनानी. म्हातारपणी त्याने पश्चात्ताप केला, पापस्वीकार केला आणि फ्रान्सिस्कन साधू झाला. मग पोप बोनिफास आठवा याने त्याला शत्रूचा गड जिंकण्याची युक्ती विचारली आणि त्या पापाची क्षमा आगाऊच देऊ केली. ग्विदोचे उत्तर अक्षर अक्षर वाचावे: ज्या पापात आता मला पडावे लागणार आहे ते तुम्ही धुऊन टाकता आहात, तर सांगतो, वचन लांबलचक द्या आणि पाळा तोकडे. 'पडावे लागणार' हे शब्द वहीत उतरवून घ्यावेत. मेल्यावर त्याला न्यायला त्या साधुपंथाचे संस्थापक संत फ्रान्सिस स्वतः येतात, पण एक काळा देवदूत आडवा येऊन सांगतो की पश्चात्ताप न करणार्‍याला क्षमा नाही, आणि पापाची इच्छा व पश्चात्ताप या दोन गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत, कारण त्या परस्परविरुद्ध आहेत. 'मी तर्कशास्त्री आहे, हे तुझ्या ध्यानात आले नसेल,' असेही तो ऐकवतो. संपूर्ण काव्यातील हा मला सर्वांत भीतिदायक विनोद वाटतो. नरकात पोचल्यावरही ग्विदो पोपलाच शिव्या देतो आहे, हे विसरू नये.

लगेच 'पर्गेटोरिओ'चा पाचवा सर्ग उघडावा. मध्ये दिवस जाऊ देऊ नयेत. शुद्धिस्थानाच्या पायथ्याशी ग्विदोचाच मुलगा बुओन्कोन्ते भेटतो. तो ११ जून १२८९ रोजी काम्पाल्दिनोच्या लढाईत मारला गेला, त्याचा देह कधीच सापडला नाही, आणि त्या लढाईत समोरच्या बाजूने स्वतः दांते लढत होता. कंठ छेदलेला, मैदान रक्ताने माखत, पायी पळत तो नदीच्या संगमापाशी पोचला, मरियेचे नाव ओठांवर असताना कोसळला आणि मरताना त्याने छातीवर हातांचा क्रूस केला. देवदूत त्याला उचलतो तेव्हा नरकाचा दूत ओरडतो की एवढ्याशा एका आसवापायी तू याला माझ्याकडून हिरावून नेतोस. मग रागाने तो वादळ उठवतो, नदीला पूर येतो, देह वाहून जातो आणि छातीवरचा तो क्रूस पाण्याच्या ओढीने सुटतो. बापाकडे साधूची वस्त्रे होती, आगाऊ क्षमा होती, न्यायला आलेला संत होता. मुलाकडे त्यांतले काहीच नव्हते. कोणाची पापे जास्त होती, हा हिशेब कवी करत नाही. या दोघांना समोरासमोर ठेवल्याखेरीज तक्त्यातील एकही शिक्षा नीट समजत नाही.

हे सगळे झाल्यावर पुन्हा एकदा 'इन्फर्नो'च्या पाचव्या सर्गाचा शेवट वाचावा. फ्रान्चेस्का बोलत असते तोवर पाओलो शेजारी रडत असतो. संपूर्ण सर्गात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही, तिच्या बोलण्याला त्याचा दुजोरा नाही आणि विरोधही नाही. बुओन्कोन्तेला एक आसू पुरले. पाओलोची आसवे थांबत नाहीत आणि वावटळही थांबत नाही. तो नेमका कशासाठी रडतो आहे, याचे उत्तर दांतेने कुठेही दिलेले नाही, आणि वहीतील त्या पानावर पाओलोच्या नावापुढची जागा मी अजून कोरीच ठेवली आहे.