निओस्टिग्मिन चाचणीचा निकाल कसा वाचावा

मायस्थेनिया ग्रेव्हिस (नसांचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोहोचल्याने स्नायू लवकर थकण्याचा आजार) याच्या निदानासाठी पूर्वी वापरले जाणारे एड्रोफोनियम आता सहसा मिळत नाही, म्हणून नाशिकमध्ये आम्ही या आजारात स्नायूंची ताकद थोडा वेळ वाढवणाऱ्या निओस्टिग्मिन या तशाच औषधावर भागवतो: प्रौढांना १.५ मिलिग्रॅम स्नायूत, आणि नाडी मंदावू नये म्हणून सोबत ०.६ मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन, तेही मॉनिटर लावूनच. दमा किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातील विद्युत संदेश अडणे) असल्यास ही चाचणी टाळावी.

इंजेक्शनपूर्वीच मोजता येईल असे एक लक्षण ठरवून घ्यावे. निफाडहून आलेल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या डाव्या डोळ्याच्या पापण्यांमधील फट पट्टीने ४ मिलिमीटर भरली होती आणि अर्ध्या तासाने तीच ९ भरली. इतका उघड फरक दिसला, तरच चाचणी सकारात्मक म्हणावी. ‘जरा बरं वाटतंय’ हे रुग्णाचे शब्द निकालात धरू नयेत (नुसते सलाईन लावले तरी बरे वाटणारे पुष्कळ असतात). घाम, लाळ किंवा पोटातील मुरडा यांवरून औषध लागू पडल्याचे कळते, आजार नव्हे.

लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम या नस-स्नायू जोडणीच्याच दुसऱ्या आजारात आणि क्वचित मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या) आजारातही सुधारणा दिसू शकते, तर मस्क (MuSK, स्नायूंवरील एक प्रथिन) याविरुद्धच्या अँटिबॉडी असलेल्या मायस्थेनियाच्या रुग्णांत ती पुष्कळदा दिसत नाही; त्यामुळे अँटिबॉडी तपासणी आणि रिपिटिटिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन (नसेला वारंवार सौम्य विद्युत झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजणे) यांच्याशी निकाल पडताळून पाहावा.