पाहुण्यांसाठी खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा

मटणाचा रस्सा करणाऱ्याचा हात थोडा चुकला तरी तो वाढण्याजोगा होतो, परंतु खिम्याच्या गोळ्यांचे तसे नाही. गोळा एकदा फुटला की पातेल्यात उरतो तो नुसता खिमा, आणि तेव्हा पाहुणे दारात आलेले असतात. माझ्या हातून पहिल्यांदा असेच झाले होते आणि त्याचे फार वाईट वाटले होते. त्यानंतर अनेकदा हा पदार्थ केल्यावर लक्षात आले की गोळा टिकणार की फुटणार हे पातेले चुलीवर चढण्यापूर्वीच, मळण्याच्या परातीत ठरलेले असते. अशा गोळ्यांना कोफ्ता म्हणतात, आणि तो शब्द ज्या फारसी धातूतून आला त्याचा अर्थच कुटणे असा आहे.

आठ माणसांसाठी एक किलो बोकडाचा खिमा पुरतो. त्यात लहान लिंबाएवढे साधारण चाळीस गोळे होतात, म्हणजे प्रत्येकाला चार-पाच येतात. खाटकाला फऱ्याचे किंवा मांडीचे मांस मागावे, पण चरबी पूर्ण काढू देऊ नये, कारण चरबीवाचून गोळा कोरडा आणि कडक होतो. खिमा दोनदा काढून घ्यावा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे धुणे: खिमा धुतला की तो पाणी धरून ठेवतो आणि कितीही पिळला तरी ओलसरच राहतो. म्हणून मांसाचे तुकडेच आधी धुऊन, निथळवून मग त्यांचा खिमा करून द्यावा, असे खाटकाला आवर्जून सांगावे. ते जमले नाही तर घरी धुतलेला खिमा बारीक चाळणीत अर्धा तास फ्रिजमध्ये निथळत ठेवावा आणि नंतर स्वच्छ पंचात घट्ट पिळावा.

पाण्याचा दुसरा स्रोत म्हणजे कांदा. दोन मध्यम कांदे किसून, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटे ठेवावेत व मुठीत दाबून त्यांचे पाणी काढावे. हे पाणी टाकू नये, रश्श्यात वापरावे. खिम्यात हा कांदा, दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण, पाच-सहा हिरव्या मिरच्या व मूठभर कोथिंबीर अगदी बारीक चिरून, एक चमचा गरम मसाला, अर्धा चमचा हळद आणि दोन सपाट लहान चमचे मीठ घालावे. बांधणीसाठी चार मोठे चमचे डाळ्याची पूड घालावी. काहीजण अंडे किंवा पाव घालतात, पण डाळे ओलावा शोषून घेते आणि खिम्याची चव झाकत नाही, म्हणून मला तेच योग्य वाटते. दोनदा काढलेल्या खिम्याला कच्ची पपई मुळीच लावू नये. त्याने गोळा पिठूळ होतो आणि रश्श्यात उकलतो.

आता मळणे. मिठामुळे मांसातील काही प्रथिने सुटी होऊन चिकट बनतात आणि शिजताना तीच घट्ट होऊन गोळा धरून ठेवतात, म्हणून केवळ कालवून भागत नाही. तळहाताच्या टाचेने खिमा परातीवर पुढे रेटावा, पुन्हा गोळा करावा, पुन्हा रेटावा, असे पाच-सहा मिनिटे करावे. सुरुवातीला तो सुटासुटा असतो. मग त्याचा रंग किंचित फिकट होतो, परातीला तो ओढ धरू लागतो आणि बोट उचलले की बारीक तंतू दिसतात. लिंबाएवढा तुकडा तळहातावर दाबून हात उलटा करावा: तो न पडता चिकटून राहिला की थांबावे, कारण त्याहून अधिक मळल्यास गोळे रबरासारखे होतात. खिमा थंड असणे आवश्यक आहे. हाताच्या उबेने चरबी वितळू लागली तर परात पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. एक छोटी टिकली तव्यावर पूर्ण शिजवून मीठ-तिखट पाहून घ्यावे, कारण नंतर दुरुस्ती करता येत नाही. पाण्याच्या हाताने गोळे वळावेत, एकही भेग राहू देऊ नये, आणि ताटात एकमेकांना न चिकटता मांडून, झाकून किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत.

रश्श्याचे वाटण नेहमीचेच, पण एकेक जिन्नस वेगळा भाजावा. थोड्या तेलावर धणे, मिरे, लवंगा, दालचिनी, मसाला वेलची आणि थोडे दगडफूल परतून काढावे. मग चार उभे चिरलेले कांदे गडद तांबूस होईपर्यंत परतावेत. वाटीभर सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर भाजून लगेच ताटात काढावा, कारण तापलेल्या कढईत तो नंतरही करपत राहतो आणि करपलेले खोबरे सगळा रस्सा कडू करते. शेवटी चमचाभर खसखस क्षणभर फिरवावी आणि सर्व अगदी गंधासारखे वाटावे. रुंद तोंडाच्या पातेल्यात तेल तापवून दोन टोमॅटो मऊ करावेत, वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे, दोन-तीन चमचे कांदा-लसूण मसाला घालावा, आणि कांद्याच्या पाण्यासह सुमारे सव्वा लिटर कढत पाणी व मीठ घालून उकळी आणावी.

रस्सा खळखळत असतानाच गोळे सोडावेत. कोमट रश्श्यात पडलेला गोळा वरून लवकर आवळत नाही आणि त्याचा खिमा सुटू लागतो. पातेल्याच्या कडेने एकेक गोळा अलगद सोडावा, दोन गोळ्यांच्या मध्ये उकळी मोडू देऊ नये, आणि पहिली दहा मिनिटे डाव आत घालू नये. हलवायचेच असेल तर पातेले दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून गोल फिरवावे. गोळे आवळले की आच मंद करून, अर्धवट झाकण ठेवून आणखी वीस मिनिटे शिजू द्यावेत. खिमा करताना मांसाच्या वरच्या भागावरचे जंतू आतपर्यंत मिसळले गेलेले असल्याने गोळा मध्यापर्यंत शिजलाच पाहिजे. एक गोळा फोडून आत लालसरपणा नाही ना हे पाहावे. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस दिसायला हवे.

पाहुण्यांना वार आधी विचारावा. सोमवार, गुरुवार, शनिवार किंवा चतुर्थी पाळणारे कोणी ना कोणी असतेच, म्हणून रविवार निश्चिंत. वाटण आदल्या दिवशी करून ठेवावे, गोळेही आदल्या रात्री वळून फ्रिजमध्ये ठेवता येतात, आणि पाहुणे येण्यापूर्वी तासभर आधी रस्सा चुलीवर चढवावा. शिजल्यावर अर्धा तास झाकून ठेवल्यास तर्री वर येते आणि गोळे रस्सा पितात, त्यामुळे वाढण्यापूर्वी अर्धी वाटी कढत पाणी घालून पुन्हा उकळी आणावी लागते. सोबत ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, वाफाळता भात, कांदा-लिंबू आणि सोलकढी असावी. वाढताना डाव गोळ्याखालून घालून तो उचलावा आणि रस्सा वरून न ओतता बाजूने घालावा. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. दुसऱ्या दिवशी तो चांगला उकळून, गोळे कुस्करून पावाबरोबर खाल्ल्यास तोही मोठ्या चवीने संपतो.