वर्षाचे संकल्प दिनदर्शिकेवर उलटीकडून लिहा

जानेवारीत ठरवलेलं संक्रांतीपर्यंत विरतं, कारण त्याला तारीख नसते. भिंतीवरची दिनदर्शिका उतरवा आणि शेवटाकडून मागे या.

१. तीनच संकल्प: तब्येतीचा, पैशाचा, आवडीचा. प्रत्येकाला घरात ठाऊक असलेला सण किंवा दिवस जोडा.

२. पैशाचं गणित आधी करा. दिवाळीला १८,००० रुपये लागणार असतील, तर जानेवारी ते सप्टेंबर दरमहा २,००० बाजूला पडले पाहिजेत. बँकेत ९ महिन्यांची आरडी (दरमहा ठरावीक हप्ता भरायची आवर्ती ठेव) उघडा, हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप कापला जाऊ दे. चिकोडी-निपाणीकडच्या ऊसवाल्यांना महिन्याचा हप्ता जमत नाही. त्यांनी कारखान्याकडून उसाचं बिल जमा होईल त्याच दिवशी ठरलेली रक्कम मुदत ठेवीत टाकावी. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात की पाहुणे, खत, देणी सगळं आठवतं!

३. कथा लिहायची आहे? बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांची साहित्य संमेलनं थंडीत भरतात. दिवाळीच्या पानावर ‘कथा पुरी’, गणपतीच्या पानावर ‘पहिला खर्डा’, वटपौर्णिमेला ‘दोन पानं’ असं लिहा. या तीन नोंदी मला फार मोलाच्या वाटतात. आपल्या भागात मराठीत लिहिणारे हात वाढायलाच हवेत.

४. तब्येतीसाठी चालायचं असेल, तर चाललात त्या दिवसाच्या चौकटीत फक्त एक टिंब.

एक सांभाळा: वर्षभरात लागणारा पैसा पोस्टाच्या आरडीत अडकवू नका. तिची मुदत ५ वर्षांची, आणि ३ वर्षांआधी ती मोडता येत नाही.